खळ घातलेली दुपटी

३ मार्च, सोमवार

आणि तरी बायको म्हणते, बाळंतपण घरीच! महिनाभर फोनवर डोकं फोडतोय, पण हिचं पालुपद एकच. मी म्हणालो, अगं हॉस्पिटल अर्ध्या तासावर आहे, डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत. तर म्हणे, "यंत्रं तुमची तुम्ही सांभाळा. मी माझ्या खोलीतून हलणार नाही." मी आवाज चढवला. तिने फोन वहिनीच्या हातात दिला. हे नेहमीचंच. आग लावायची आणि फोन वहिनीकडे!

वहिनी म्हणाली, "भावोजी, सुईणबाई काय नवख्या आहेत का? रीतसर शिकलेल्या आहेत. माझी दोन्ही त्यांच्याच हातची."

ठाऊक आहे. पण तेव्हा मी लॉन्ड्रीत नव्हतो. आता आहे. रोज सकाळी हॉस्पिटलची पोती येतात. लाल पट्टीवाली पोती बाळंतपणाच्या वॉर्डातली. ती उघडून चादरी वेगळ्या करायचं काम माझं. दोन वर्षं झाली. बाळंतपण म्हणजे काय ते मला कुणी शिकवू नये!

कारण विचारलं तर धड सांगत नाही. एकदा म्हणे तिथे थंडी वाजते. एकदा म्हणे तिथे ओळखीचं कोण आहे?

तिकीट काढलंय, बावीस तारखेचं. दोन दिवसांचा प्रवास. सुईणबाई अठ्ठावीसच्या आसपास म्हणतात. मुकादमाने पंधरा दिवस रजा दिली, बिनपगारी. तिकीट या वहीच्या शेवटच्या पानात ठेवलंय. दिवसातून दोनदा बघतो, पळून जाईल जसं काही!

४ मार्च

आज फोन केला नाही. तिनेही केला नाही. बघू कोण हरतं.

५ मार्च

मीच हरलो.

६ मार्च, गुरुवार

मोठ्या मनाने म्हणालो, बरं बाई, घरी तर घरी. तशी लगेच आवाज बदलला तिचा! जवळ यादी तयारच होती. सुईणबाईंनी लिहून दिलेली. तिने वाचली, मी जेवायच्या सुट्टीत बॉयलरमागे उभा राहून साबणाच्या खोक्यावर उतरवून घेतली. आता इथे नीट लिहून ठेवतो.

प्लास्टिकच्या दोन मोठ्या शीट, एक गादीवर, एक खाली जमिनीवर. जुन्या सुती चादरी चार-पाच. मऊ फडकी डझनभर. बाळाची दुपटी. कापसाचे गुंडाळे. नवा साबण, नखं घासायचा ब्रश. दोन बादल्या. वार ठेवायला झाकणाचं भांडं. टॉर्च आणि नवे सेल, वीज गेली तर. ब्लेड, चिमटे, हातमोजे सुईणबाई स्वतः आणणार. कपडे सगळे उकळलेले, इस्त्री केलेले, पिशवीत बंद. ती पिशवी त्या दिवसापर्यंत उघडायची नाही.

आणि खाली दोन ओळी. गाडी दारात, एकवीस तारखेपासून, दिवसरात्र, ड्रायव्हरसकट. "काही कमी-जास्त झालं तर दहा मिनिटांत निघता आलं पाहिजे. गाडी नसेल तर मी हात लावणार नाही," असं सुईणबाई म्हणाल्या म्हणे. गाडी आहे, दादाचा टेम्पो. ती काळजी नाही.

शेवटची ओळ: मागे बसून पाठीला आधार द्यायला माणूस.

मी विचारलं, हे काय आणि? ती म्हणाली, "कळा येतात तेव्हा मागे टेकायला कुणीतरी लागतं. घट्ट बसणारं. घाबरून उठून जाणारं नको." मग जरा थांबून म्हणाली, "तिथे मी तुमचं नाव लिहिलंय."

म्हणजे मी पण सामानातच! बादलीनंतर मी!

हसलो तेव्हा. पण दिवसभर एकच डोक्यात. बसेन ना मी? उठून जाणार नाही ना?

९ मार्च, रविवार

आजचा दिवस कामी आला. हॉटेलच्या रद्द झालेल्या चादरी आम्हा कामगारांना किलोवर मिळतात. धुऊन धुऊन लोण्यासारख्या झालेल्या. त्या घेतल्या. फडकी त्यातूनच फाडली. दुपट्यांसाठी नवं पांढरं कापड आणलं, शिलाई मशीनवरच्या बाईने फुकट शिवून दिलं. वर म्हणाली, "पोरगी झाली तर माझं नाव ठेव!"

इस्त्रीवाले काका रविवारीही रोलर तापवतात, त्यांना घरी करमत नाही. ते म्हणाले, "आण लेका, एवढं काय त्यात." तीनदा उकळलं. कुणाकुणाच्या चादरी दोन वर्षं धुतल्या, आता या माझ्या घरच्या आहेत, मग जीव ओतायला नको? दुपट्यांना तर खास. आपल्याकडे सर्वांत मोठ्या हॉटेलच्या टेबलाच्या कापडाला घालतात तशी दाट खळ, थोडी नीळ आणि वरून रोलर. उभी केली तर उभी राहतील! काका दुसऱ्या टोकाला चहा घेत होते, बघायला आले नाहीत.

पिशव्या बंद केल्या. खोक्यावर लिहिलं, उघडू नये. वहिनीसाठी चिठ्ठी टाकली: रक्त लागलं तर आधी गार पाणी. गरम पाण्यात डाग बसतो.

डाग म्हणजे तिचा.

१० मार्च

पार्सल गेलं.

१२ मार्च, बुधवार

आज लाल पट्टीची सात पोती. एका चादरीवर पांढरं असं काही राहिलंच नव्हतं. हात मशीनमध्ये, डोकं घरी. मुकादम ओरडला, "अरे, तापमान बघ! झोपलास का?"

घरी एवढं रक्त गेलं तर? सुईणबाई एकट्या. हॉस्पिटलात निदान भिंतीपलीकडे दुसरा डॉक्टर असतो. परत भांडावं असं वाटतंय. शब्द दिलाय. मरू दे तो शब्द!

१४ मार्च, शुक्रवार

पार्सल पोचलं. हसावं का रडावं.

वहिनीचा फोन. मागे सुईणबाईंचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. तपासायला आल्या होत्या. पिशव्या ठीक आहेत का ते बघायला एक उघडली, ती नेमकी दुपट्यांची. "अहो ही दुपटी आहेत का पुठ्ठे? बाळाला गुंडाळायचंय का घराला छप्पर घालायचंय?" ही खो खो हसत होती. वहिनी म्हणाली, "भावोजी, एक दुपटं दाराला लावलंय, वाऱ्याने दार आपटत होतं."

सुईणबाईंनी फोन घेतला. "साहेब, खळीने बाळाचं अंग सोलून निघेल. सगळी पुन्हा उकळावी लागतील. तुमची काळजी कळते मला. पण काळजीला एवढी कडक इस्त्री नको."

कानशिलं गरम झाली माझी. एवढी साधी गोष्ट! टेबलाचं कापड आणि लेकराचं अंग, मला फरक कळला नाही.

मग वहिनी अंगणात आली असावी, आवाज हळू झाला. म्हणाली, "रागावू नका, एक सांगू? ती घरीच का म्हणते माहीत आहे? तुमच्यामुळे."

मी म्हणालो, माझ्यामुळे? मी तर उलट...

"तुम्हीच ना रोज सांगायचात. आज इतकी पोती आली, आज चादर पिळली तर पाणी लाल झालं. आणि तो केसांचा चाप. निळा. चादरीत अडकलेला. ती बाई घरी गेली की नाही कोण जाणे, असं म्हणालात तुम्ही. ही तेव्हा चौथ्या महिन्यात होती. त्या दिवसापासून हॉस्पिटलचं नाव काढलं की हिच्या हातापायाला घाम सुटतो. मला सारखी विचारते, त्या बाईचं काय झालं असेल हो?"

मी फोन ठेवला.

बोलायला दुसरं काय होतं माझ्याकडे? ना शिक्षण, ना गावगप्पा. दिवसभर जे दिसलं ते सांगायचो. तिला हसवायला सांगायचो! चाप अजून मशीनशेजारच्या खिळ्याला आहे. मीच लावला.

महिनाभर मी तिला हट्टी म्हणत होतो.

१५ मार्च, शनिवार

काकांना सगळं सांगितलं. त्यांनी रोलर बंद केला. ते कधी करत नाहीत.

"मूर्खा," म्हणाले, "चादर मळली म्हणजे बाई गेली असं कुणी सांगितलं तुला? धड चालत घरी गेलेल्या बाईचीही चादर इथेच येते. आपल्याकडे चादर येते, बाई येत नाही. मग पुढचं तू मनाने रचलंस. माझी पाच पोरं. पाचही चादरी अशाच होत्या. त्यांची आई अजून मला शिव्या देते, खणखणीत!"

दोन वर्षं पोती उघडतोय. हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पोती आणणाऱ्या ड्रायव्हरला चाप दाखवला. तो हसायला लागला. "अरे, असे दहा निघतात माझ्या गाडीत आठवड्याला. अर्धे तर नर्सबाईंचेच."

१६ मार्च, रविवार

तिला सांगितलं. काकांचं सांगितलं, ड्रायव्हरचं सांगितलं. म्हणालो, मी बघितलं काहीच नव्हतं, नुसता बडबडलो. चुकलं माझं.

मला वाटलं, फोन गेला वहिनीकडे. मग म्हणाली, "दहा निघतात?"

दहा.

"मग बायका फारच वेंधळ्या म्हणायच्या." आणि हसली. रडत होती बहुतेक, पण हसली.

मी म्हणालो, आता जायचं का मग हॉस्पिटलात? म्हणाली, "नाही. आता भीती म्हणून नाही. मला आता इथेच हवंय. आणि गरज पडली तर जाईन की, दादांचा टेम्पो आहेच. वाटेत कुरकुर करणार नाही, शब्द देते." मग म्हणाली, "तुम्ही फक्त या. मागे बसा. बाकी मी बघते."

आज पहिल्यांदा छातीवरचं ओझं हललं. सहा दिवस!

१७ मार्च

सकाळी आरशासमोर पाठ ताठ करून बसून बघितलं. किती वेळ बसू शकतो ते. खोलीतला सोबती म्हणाला, "फोटो काढून घ्यायचाय का?"

१९ मार्च, बुधवार

दादाच्या टेम्पोचा गिअरबॉक्स गेला. पूर्ण. गॅरेजवाला म्हणतो, महिना लागेल, भाग मिळत नाही.

वहिनीने आजूबाजूला विचारलं. दूधवाल्याची गाडी आहे, पण तो सकाळ-संध्याकाळ फेरीवर. कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला तयार आहे. पण तीन आठवडे दुसरं भाडं न घेता दारात उभं राहायचं तर सगळे पैसे आधी, म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? त्यालाही घर आहे.

मी म्हणालो, मी पोचतो चोवीसला, मग बघू. सुईणबाईंनी फोन घेतला. आज हसत नव्हत्या. "बाळाला तुमच्या तारखा माहीत नाहीत. एकवीसला गाडी दारात हवी. नाहीतर मी तिला आत्ताच हॉस्पिटलात पाठवते, आणि ती घाबरलेली जाईल. घाबरलेली बाई मला नको आहे."

मुकादमाकडे गेलो. तो म्हणाला, "तिकिटाला उचल घेतलीस ना? ती फिटल्याशिवाय दुसरी नाही. नियम माझा नाही." काकांनी खिसा उलटा करून दाखवला. त्यात दोन बटणं आणि विडीचं थोटूक. सोबत्याकडेही नाही.

तिला यातलं काही सांगितलं नाही. ती फोनवर विचारत होती, बावीसला गाडी किती वाजता सुटते?

सांगितलं. सात वीस.

२० मार्च, गुरुवार

सकाळी तिकीट परत केलं, त्याचे पैसे हातात आले. वहिनीला यादी काढायला लावली. शेवटच्या ओळीत माझं नाव खोडून स्वतःचं लिहायला सांगितलं. म्हणाली, "मी उठणार नाही, भावोजी." बायकोला संध्याकाळी मी स्वतः सांगणार आहे.

टॅक्सी उद्यापासून दारात. पाठवतोय: सहा हजार चारशे.