न घेतलेली रजा

चँडलर, मार्च २००६

जयवंता,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, म्हणूनच खरं लिहितोय.

तुझ्या लुसाकाच्या बँकेच्या ऑडिटला, तिथले कंट्रोल्स तपासायला आलो, तेव्हा तू मला जेवायला नेलंस. "दादा, सहा वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही!" असं ऐटीत म्हणालास. माझे कान टवकारले. आमच्या धंद्यात रजा न घेणाऱ्यावर पहिला संशय, कारण लफडं असलं तर तो नसतानाच बाहेर येतं. तुला सरळ विचारायचं सोडून मी हसत मासळी संपवली आणि रिपोर्टात तुझं नाव घातलं.

तुला दोन आठवडे सक्तीने घरी बसवलं. काहीच सापडलं नाही. तुझी सुचित्रा गेल्यापासून तुला रिकामं घर खायला उठतं, हे मावशीने मला नंतर सांगितलं.

काल तुझा फोन आला. "दादा, सगळे अजून बिचकून वागतात रे. ब्रँचमधल्याच कुणीतरी कान भरले. साहेबांना एकदा सांग ना, मी चोर नाही म्हणून. तुझा शब्द तिथे चालतो."

चालतो, जयवंता. तोच तर चालला.

तुझा,
उल्हासदादा