डझनाचे तेरा कप

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला कसा आहे? माझी प्रकृती ठणठणीत आहे, डोके तेवढे फिरले आहे.

गोदामाच्या किल्लीसाठी परीक्षा झाली. (किल्ली मिळाली की भुशात कप भरणे सुटेल आणि वहीपुढे खुर्चीत बसता येईल, हे तुम्हांला ठाऊकच आहे.) पेपर काढला हेडक्लार्कने. या गृहस्थाने जन्मात एक पेटी उचललेली नाही. पहिलेच उदाहरण: एकशे छप्पन्न कप डझनाडझनाने भरले, तर पेट्या किती? मी स्वच्छ अक्षरात बारा लिहिले. आमच्या खोलीत डझनाला तेरा कप भरतात, एक वाटेत फुटण्यासाठी. त्याने लाल रेघ ओढली आणि सगळ्यांदेखत विचारले, "काय हो, डझन म्हणजे किती?" मी म्हटले, "भरताना की पोचल्यावर?" माझ्याबरोबर कप भरणाऱ्या मावशी म्हणाल्या, "बरोबर बोलला! साहेबांनी एकदा बारा भरून पाठवून बघावेत." यावर उद्धटपणाचे दोन गुण माझेच कापले, मावशींचे नाही.

दुसरे उदाहरण: आईने सात सफरचंदे चार मुलांना अख्खी व सारखी वाटली, तर उरली किती? उत्तर म्हणे तीन! मामा, ही कसली आई? चार पोरे टक लावून बसलेली आणि ही बाई तीन सफरचंदे कपाटात ठेवते! मी लिहिले, एकही नाही. मामींनी आम्हां भावंडांपुढे कधी बाकी ठेवलेली मी पाहिली नाही. (उरलेले तुम्ही खात होता, पण ते गणितात धरत नाहीत.)

ज्याला कप फुटतो हेही माहीत नाही, तो माझी लायकी ठरवणार! मला त्याची कीव येते.

आपला आज्ञाधारक भाचा

ता. क. फेरपरीक्षा सोमवारी आहे. रविवारी येऊन भागाकार शिकवाल का? वरचा आकडा खाली कधी उतरवायचा, तिथे माझा अजून घोळ होतो. (बारा हे उत्तर मी भागून काढले नव्हते, आमच्या खोलीतून रोज तेवढ्याच पेट्या निघतात.) मामींना सांगू नका. किल्ली मिळाली, असे त्यांना कळवून बसलो आहे.

ता. क. २. सोबत तुम्हांला डझनभर कप पाठवतो आहे. तेरा मोजून भरले होते. पेटी गाडीत चढवताना माझ्याच हातून सटकली, म्हणून उघडून पाहिले, तर अकरा धड आहेत. हेडक्लार्कच्या हिशेबाने भरले असते तर दहाच उरले असते. हे सोमवारी पेपरात लिहू का, तेवढे कळवा.