हिरव्या पेन्सिलीच्या छत्र्या

७ फेब्रुवारी १९९१, गुरुवार

सात छत्र्या! एका प्रकरणावर सात!

माझे मार्गदर्शक गायदासर. त्यांना प्रबंधातला मजकूर नको असला की ते शब्द खर्च करत नाहीत. समासात हिरव्या पेन्सिलीनं इवलीशी छत्री काढतात. वाकडा दांडा, टोकाला ठिपका. म्हणजे वगळा. त्यांच्या खोलीतून कुणी तोंड पाडून बाहेर आलं की आमच्यात विचारतात, "किती पाऊस झाला?"

आज चाळीस दिवसांच्या उपासांआधीचा खादाड गुरुवार. सगळं शहर डोनट खातंय. मी मुद्दाम रांगेत उभी राहून गुलाबाचा मुरांबा भरलेले सहा डोनट सरांसाठी नेले. चार त्यांनी खाल्ले. खाता खाताच सात छत्र्या काढल्या. पाचवीवर साखर सांडली आहे.

११ फेब्रुवारी

विषय चांगला आहे, हे मी स्वतःलाच बजावते आहे. काळ कलाकृतीला कसा घडवतो — एक राजकीय कादंबरी, एक विज्ञानपट. दोन्ही आमच्या वूच शहरातलीच.

कादंबरी म्हणजे लॉन्गिन सादोव्स्कींची 'रंगारी', १९७७ ची. झारच्या काळातल्या, कापडगिरणीतल्या रंगाऱ्यांच्या संपाची गोष्ट. शेवटी संपकरी फाटकाशी येतात आणि... संपलं! फाटक उघडत नाही, गोळी सुटत नाही, काहीच नाही. सरांनी या तुटक्या शेवटावर लेख लिहिला — 'बंद फाटक'. लेखक सरकारच्या सेन्सॉरला घाबरून गप्प बसला नाही, त्यानं गप्प बसूनच सरकारला सुनावलं, असा त्याचा मथितार्थ. सर त्यावर तेरा वर्षं जगतायत.

सिनेमा म्हणजे 'बर्फाखालचं केंद्र'. परग्रहावरचा तळ, आणि मध्येच नऊ मिनिटं काळोख. नुसते आवाज आणि एक बॅटरी. चित्रीकरण १९८२ च्या जानेवारीत, लष्करी कायदा लागून महिना झाला होता तेव्हा. सगळे समीक्षक म्हणतात, तो काळोख म्हणजे आपणच.

सरकार बदलून दोन वर्षं झाली नाहीत, तर जो तो सांगतोय की मी तेव्हाही ओळींच्या मधून लढत होतो. आमच्या कँटीनची बाईसुद्धा म्हणते, तिचं सूप पातळ होतं तो निषेधच होता!

२६ फेब्रुवारी

हसून हसून पोट दुखतंय.

सिनेमाचे कॅमेरामन रुफिनकाका सापडले. निवृत्त. आता कबुतरं पाळतात. मी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "काका, त्या काळोखामागची भूमिका काय?"

"भूमिका? वीज गेली, पोरी!"

रेडिओवर वीजकपात जाहीर झाली होती, म्हणे. दिग्दर्शकानं ऐकलंच नाही. नेमके दिवे गेले. कॅमेरा बॅटरीवर चालू होता. हा ओरडला, "थांबवू नका, बोलत राहा!" फिल्मचा तो शेवटचा डबा. परत घ्यायला फिल्म कुठं होती?

"आणि तो रांगेचा प्रसंग?" अंतराळवीर एका बंद दारापुढे शिस्तीत उभे असतात. त्यावर तर परिसंवाद झालाय!

काकांनी डोळे पुसले. स्टुडिओच्या मागच्या दाराशी एक जण मोजे सुकवत उभा होता. दुसऱ्याला वाटलं सॉसेज आलं. तो मागे उभा राहिला. मग तिसरा. पाच मिनिटांत अंतराळवीराच्या पोशाखातले सतरा जण! आधी रांगेत लागायचं, मग काय मिळतंय ते विचारायचं — तेव्हा आपण सगळे असेच तर होतो. "दिग्दर्शक म्हणाला, घे, घे, हलवू नकोस त्यांना. शेवटचा माणूस अर्धा तास उभा होता. त्यानं भांडण काढलं, माझा नंबर कुठं गेला म्हणून!"

परत येताना ट्राममध्ये एकटीच हसत होते. पण गंमत अशी की हेच खरं उत्तर आहे! इतिहास त्या सिनेमात विचार म्हणून आलाच नाही. वीज होऊन गेला, रांग होऊन आला. हातात पिशवी घेऊन, मागच्या दारानं.

१५ मार्च, शुक्रवार

आज लॉन्गिन नावाच्या सगळ्यांचा नामदिन, म्हणजे वाढदिवसासारखाच. नामदिनाला कुणी आमंत्रण देत नाही, पण दाराशी आलेल्याला परतही पाठवत नाही. सादोव्स्की गेली सहा वर्षं मुलाखत देत नाहीत. पत्रांना उत्तर नाही, फोन त्यांच्या पत्नीच उचलतात आणि त्याच ठेवतात. पण आज? दोन कार्नेशन घेतली — अरे देवा, सम संख्येची फुलं मयताला! परत पळाले, तिसरं घेतलं — आणि बेल वाजवली.

बाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "तू फोनवाली मुलगी ना?"

"मी शुभेच्छावाली मुलगी."

"लबाड आहेस. ये आत. उपासाचा शुक्रवार आहे, मांस नाही, हेरिंग मासाच मिळेल."

सादोव्स्की छान म्हातारे आहेत. कानात केस, हसले की खांदे हलतात. दुसऱ्या पेल्यानंतर मी विचारलं. फाटक का उघडलं नाही?

"कागद नव्हता," म्हणाले. "प्रकाशनाला जेवढा कागद मंजूर झाला, तेवढ्यात शेवटचं प्रकरण बसेना. एकतीस पानं. काढली."

तेरा वर्षांची विद्वत्ता, आणि कारण कागद! मला नाचावंसं वाटलं.

स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला. "कागद! म्हणे कागद!"

"यानिना," ते हळूच म्हणाले. "त्यालाही घरदार होतं."

कुणाला? मी विचारलं. त्यांनी माझ्या ताटात अजून एक हेरिंग वाढलं.

२ एप्रिल

चौदा पानं एका दमात टंकली. माझं सगळ्यात चांगलं लिखाण! कादंबरी कागदानं घडवली, सिनेमा विजेनं. दोघांनाही काळानंच हात लावला, पण समीक्षक शोधतात तिथं नाही.

सरांचा उल्लेख फार अदबीनं केलाय. फक्त एकदा 'फाटकाला कुलूप कारकुनानं लावलं' असं लिहिलं. बरं, दोनदा.

१९ एप्रिल

सरांनी चौदा पानं वाचली. एकही छत्री नाही!

त्याऐवजी पेन्सिल खाली ठेवली. ती त्यांनी खाली ठेवलेली मी कधी पाहिली नव्हती.

"कागद, असं म्हणाले ते?"

"हो सर."

"आणखी काही?"

"हेरिंग घे म्हणाले."

हसले नाहीत. मग नेहमीच्या थंड आवाजात — "बोग्नाबाई, या पेयपानाच्या गप्पागोष्टी आहेत, पुरावा नव्हे. विभागात सहायकाची एकच जागा आहे. शिफारस मला करायची आहे. मी स्वतः काही वगळणार नाही. तुम्हीच ठरवा."

२० एप्रिल

आईची गिरणी सोमवारपासून बंद. बत्तीस वर्षं तिथं होती. फोनवर म्हणाली, "तुझं तरी पक्कं होतंय ना?"

हो म्हणाले.

२३ एप्रिल

चौदा पानं समोर घेऊन बसले. गंमत म्हणून प्रत्येक पानाच्या समासात स्वतःच छत्री काढली. वाकडा दांडा, ठिपका. हुबेहूब जमली! मग पानं काढून कपाटात ठेवली.

वीज आणि रांग तशीच ठेवलीय. फक्त कागद गेला. फक्त चौदा पानं! प्रबंध उलट आटोपशीर झालाय. सर म्हणतात तसं 'फाटक बंद राहतं, आणि तेच त्याचं बोलणं आहे' असं वाक्य घातलं. वाक्य दिसायला देखणं आहे. मला ते लिहिताना चोरी केल्यासारखं वाटलं, आणि चोरी काय केली तेही सांगता येईना.

७ मे

पाऊस शून्य. सर म्हणाले, "परिपक्व झालात."



१४ जून, शुक्रवार

झालं! सर्वोच्च श्रेणी! एका परीक्षकानं रांगेचा प्रसंग ऐकून चष्मा काढून हसून घेतलं. दुसऱ्यानं विचारलं, कादंबरीच्या शेवटाबद्दल लेखकाचं स्वतःचं म्हणणं काय? मी म्हणाले, "ते मुलाखत देत नाहीत." हे खरंच आहे की! सर टेबलावर बोटांनी ताल धरून होते, तो थांबला.

नंतर व्हरांड्यात त्यांनी मला एक लांबट डबी दिली. आत नवी कोरी हिरवी पेन्सिल. "जागा तुमची. एक जुलैपासून."

आईला फोन केला. ती रडली. मीही रडले. मला वाटलं, आनंदानंच.

प्रबंधाची एक प्रत सादोव्स्कींना पाठवलीय. सोबत तीन कार्नेशन.

२९ जून

टपालानं जाड पाकीट. यानिनाबाईंचं. चिठ्ठीत एवढंच — "वाचला तुझा प्रबंध. हे तुला हवं होतं ना? हे घे."

'रंगारी'चं शेवटचं प्रकरण. एकतीस पानं. पिवळी पडलेली. फाटक उघडतं! बायका पहिल्यांदा आत शिरतात, हात कोपरापर्यंत निळे.

प्रत्येक पानाच्या समासात हिरवी छत्री. वाकडा दांडा, टोकाला ठिपका.

कपाटातली माझी चौदा पानं काढली, शेजारी ठेवली. कुठली छत्री कुणाची, मलाही सांगता येत नाही.

सोमवारी एक जुलै.