ह्यांच्या पाठ चाली

११ नोव्हेंबर

—आणि मी बांगडे साफ करत होते, तेव्हा हे आतून ओरडले, "वजीर गेलो गो तुझो!" हात न धुताच धावले. वजीर जागेवर! नुसती थट्टा. मग पाणी भरलं, भात लावला, डाव हरले. साधी सकाळ. तीच का आठवावी?

आज लेक गौरजा कणकवलीहून आली. तिच्या बाबांनी लिहिलेला बुद्धिबळाचा प्रोग्रॅम ती त्यांच्या नावाने स्पर्धेत उतरवणार. तिथे प्रोग्रॅमच एकमेकांशी खेळतात म्हणे. पण नियम आहे — सुरुवातीच्या पाठ चाली थोड्याच भरायच्या, पुढचं यंत्राने स्वतः शोधायचं. ह्यांनी तर आयुष्यभर खेळलेल्या सगळ्या सुरुवाती त्यात भरल्यात.

"कापूक व्हये, आई."

कापू नको म्हटलं. गेल्यापासून पाठ चालींपुरतेच हे उरलेत. त्या संपल्या की पुढे खेळतं ते कुणी परकं. ह्यांच्याहून हुशार, पण परकं.

१२ नोव्हेंबर

रोजच्यासारखीच कॉम्प्युटरवर ह्यांच्या प्रोग्रॅमशी डावाला बसले. मी तीच चाल करते, मग ह्यांची तीच. वेगळं प्यादं हलवलं की पाठ तुटतो. म्हणून हलवत नाही.

निघताना गौरजा म्हणाली, "तुझ्याकडचो प्रोग्रॅम तसोच ठेवतंय गो. मगे कित्याक रडतंस?"

काय सांगू! नियम मलाही पटतो. मी वाचनालयातून बुद्धिबळाची पुस्तकं आणून वाचायची, तेव्हा हेच म्हणायचे — तोंडपाठ करू नको, भांड पुस्तकाशी! पण नाव ह्यांचं आणि चाली दुसऱ्याच कुणाच्या?

१४ नोव्हेंबर

शेजारचे सत्यवान भावोजी केळी घेऊन आले. कॉम्प्युटरवरचा डाव बघत मागे उभे राहिले.

"वैनी, तो पाठ म्हणता, तुमी पण पाठच म्हणतास. मगे खेळता कोण?"

स्वतःच हसले. इतका राग आला! चहासुद्धा विचारला नाही.

१५ नोव्हेंबर

भात करपला.

१६ नोव्हेंबर

गौरजाला फोन केला. काप म्हटलं, नियमाप्रमाणे. तिने हळूच विचारलं — "आणि तुझ्याकडचो?"

राहू दे म्हटलं.

१७ नोव्हेंबर

आज पहिल्याच चालीला मी कडेचं प्यादं पुढे केलं.