न झालेल्या बारा भेटी

१७ मार्च, गुरुवार, सकाळ

तीर्थस्वरूप आत्यास,

नमस्कार लिहावा लागतो म्हणून लिहिला. तुझी तब्येत बरी असणार, काल पोटभर जेवलीस. मी ताट तसंच सारून उठलो.

मंगळवारी सव्वाअकराला पदोन्नती समितीच्या अध्यक्षांनी मार्गदर्शनाची वही उघडली आणि सातवं पान मोठ्यानं वाचलं. मी फायलींचा गठ्ठा छातीशी धरून भिंतीला टेकून उभा होतो. "घरच्या जबाबदाऱ्या पाहता पदोन्नतीसाठी आणखी दोन वर्षं थांबावं असं सुचवलं. त्यांनी आनंदानं मान्य केलं."

ज्यांच्या बढतीचा अर्ज होता त्या बाई म्हणाल्या, "अशी भेट झालीच नाही. वर्षभरात एकही झाली नाही."

अध्यक्ष हसले. "मॅडम, बारा भेटी आहेत. प्रत्येकीखाली सही आहे."

आणि तू? विभागप्रमुख, नव्या प्राध्यापिकांना वर यायला हात द्यावा म्हणून विद्यापीठानं नेमलेली मार्गदर्शक! तू चष्मा पुसत म्हणालीस, "विसरल्या असतील. आई अंथरुणाला खिळलीय, झोप होत नाही त्यांची."

किळस आली गं. त्या गुळगुळीत आवाजाची, त्या माना डोलावणाऱ्या पाच जणांची. बाईंनी स्वतःच्या आईबद्दल तुला विश्वासानं सांगितलं होतं, तेच तू टेबलावर टाकलंस.

दरमहा एक तास भेटायचं, काय बोलणं झालं ते वहीत लिहायचं, वहीशिवाय बढतीचा अर्ज घ्यायचा नाही, असा नियम. तू मागच्या मार्चमध्येच बाराही कोऱ्या पानांवर सह्या ठोकल्यास आणि वही माझ्याकडे, तुझ्या कार्यालयातल्या पोऱ्याकडे, सरकवलीस. "भर रे सवडीनं. जुन्या वह्या बघ, तसंच काहीतरी लिही." पुरुष प्राध्यापकांना वही नाही. त्यांचं मार्गदर्शन कॅन्टीनमध्ये, खांद्यावर हात टाकून होतं: "अर्ज टाक रे, बाकीचं मी बघतो."

काल संध्याकाळी ओट्याशी उभा राहून तुला म्हटलं, समितीला खरं सांग. भाजी चिरता चिरता म्हणालीस, "मी अकरा वर्षं थांबले. मला कुणी हात दिला? तीही थांबेल, मरत नाही कुणी." मी ओरडलो तेव्हा सुरी खाली ठेवून शांतपणे म्हणालीस, "अक्षर कुणाचं आहे वहीत? बुडशील तर तूच. कॉलेज तर अर्ध्यावर सोडलंसच, आता ही नोकरी पण घालव."

त्यावर मी गप्प बसलो. तुला वाटलं, घाबरला. घाबरलो नव्हतो. तू जुन्या वह्या बघ म्हणाली होतीस, पण तेच वाक्य उचल असं नव्हतीस म्हणाली.

जुन्या वह्यांत वाक्यांचा काही तुटवडा नव्हता. शोधनिबंध कुठे पाठवावा, संशोधनासाठी अनुदान कसं मागावं, वाटेल तेवढी. ती मी अकरा पानांवर झोकात उतरवली. बाईंबद्दल लिहायचं म्हणून पेन बदललं, अक्षर घोटलं. सातवं पान भरायच्या दिवशी मात्र कार्यालयात कळलं की बढती मिळणारीला दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर पाठवणार आहेत. मग मी मुद्दाम सगळ्यात जुनी वही काढली. "थांबावं" हे वाक्य शोधलं, सापडलं. "आनंदानं" हा शब्द त्यात नव्हता. तो माझा.

हो, मला बाई आवडतात. हस तू. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्या लेखी मी म्हणजे सरांशी भांडून कॉलेज सोडलेला, गणितात कच्चा, तोंडानं तिखट पोरगा. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेच्या पायऱ्यांवर बसून मला गणित शिकवायच्या. "परीक्षेचा अर्ज भरा, वकीलसाहेब. भांडणं काय, पास होऊनही करता येतात." स्वतःचा डबा तसाच राहायचा. मोजायला गेलो तर बारापेक्षा जास्तच भेटी भरतील आमच्या, एकीचीही नोंद नाही. आणि त्या बाईला मी दोन वर्षं जागेवर बांधून ठेवायला निघालो होतो, रोज दिसावी म्हणून. तुझी किळस येते म्हणताना माझीच जास्त येते. तू निदान अकरा वर्षं सोसून अशी झालीस. मी एका दुपारीत झालो.

समिती आज दुपारी निर्णय देणार. निवेदन लिहून खिशात ठेवलंय: वही मी भरली, भेटी झाल्या नाहीत, सह्या मागच्या मार्चमधल्या आहेत. सातव्या पानाचं कारणही लिहिलंय. ते गाळलं तर समिती म्हणेल, पोरगा बाईंच्या सांगण्यावरून बोलतोय. बाई ते वाचतील आणि पुन्हा माझं तोंड बघणार नाहीत. बघू नयेच.

तुझं पद राहील की जाईल, मला माहीत नाही. तू आंघोळीला गेली आहेस. बाहेर आलीस की तुझ्याशी बोलावं लागेल, आणि तू मला पुन्हा गप्प करशील. तेवढं येतं तुला. म्हणून पत्र टेबलावर ठेवतो, चपला घालतो, बाहेर पडून दार ओढून घेतो.

तुझ्याच हाताखाली तयार झालेला,
तुझा भाचा