नागोजीच्या कार्डावर

वडगाव, बेळगाव
ता. ९-१-१९७९

ती. आक्कास, देवाप्पाचा नमस्कार पोचावा.

मी बरा आहे. थोडा खोकला आहे, पण मागावर सुताची धूळ असते, तो सगळ्यांनाच होतो. आई अजून तंबाखूच्या वखारीत जाते का? तिला सांग, देवाप्पा वेळेवर जेवतो.

मला कामगार विम्याचं कार्ड नाही. हजेरीपटावर नाव घातलं की मालकालाही विम्याची वर्गणी भरावी लागते, म्हणून त्यांनी ते घातलेलं नाही. बाहेरचा डॉक्टर परवडत नाही. शेवटी शेजारच्या मागावरच्या नागोजीनं आपलं कार्ड दिलं. म्हणाला, "जा की. पण दमानं खोक रं, माझ्या नावावर खोकायलास!"

त्याचं वय, गाव, बापाचं नाव, सगळं पाठ करून विम्याच्या दवाखान्यात गेलो. कुठेच चुकलो नाही. डॉक्टरांनी छाती तपासली आणि कानडीत विचारलं, घरात कोणाला असा खोकला होता का? नागोजीचे वडील धडधाकट आहेत. मी नाही म्हणालो. त्यांनी तसंच लिहून घेतलं आणि खोकल्याचं साधं औषध दिलं.

ती बाटली संपली. आता डॉक्टरांना खरं सांगितलं तर नागोजीचं कार्ड जाईल. त्याला तीन लेकरं आहेत.

आक्का, आपले आप्पा ज्या खोकल्यानं गेले, तो पहिल्या महिन्यात कसा होता? संध्याकाळी अंग तापायचं का? नीट आठवून लिही. सहजच विचारतो.

आईला विचारू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
देवाप्पा