टक् वाजलं नाही

शनिवार, दुपार

प्रिय दादा,

आम्ही सगळे मजेत आहोत. पत्राची सुरुवात अशीच करायची असते, म्हणून केली. वहिनीची कंबर कशी आहे? तिला म्हणावं, बादल्या उचलायचं काम आता तुझ्यावर सोपव, तेवढाच तुझ्या पोटाला व्यायाम.

शेजारच्या नर्सबाई संध्याकाळच्या बसने तिकडे येताहेत, त्यांच्या हाती हे पाकीट देतेय. एवढं होतं तर फोन का नाही केलास, म्हणशील. ते सांगते, पण आधी बाकीचं.

तू पाठवलेलं थ्रॉटल बॉडी, ते इंजिनात हवा सोडणारं झडपेचं तोंड, ह्यांनी व्हॅनला बसवलं. हो, मी येईपर्यंत हात लावू नका असं तू बजावलं होतंस. पण तुला तुझे मेहुणे ठाऊक आहेत. शाळेच्या चढावर मुलांनी भरलेली व्हॅन धापा टाकते, मागचे हॉर्न वाजवतात, ते ह्यांच्या जिव्हारी लागतं. इंजिनाला जास्त हवा मिळाली की गाडी चढ सरसर चढेल, एवढंच डोक्यात. आणि त्यासाठी तुझी वाट बघत बसायची म्हणजे कमीपणा. गेला रविवारभर जेवायचं टेबल अडवून बसले होते. काम मात्र नीटनेटकं, उगाच नावं ठेवणार नाही. जुनं काढल्यावर उघड्या तोंडात कचरा जाऊ नये म्हणून फडक्याचा बोळा कोंबला, तो आठवणीने काढलासुद्धा. जुनं पॅकिंग कणकण खरवडून काढलं. फक्त एक्सलेटरची वायर धरून ठेवणारी पट्टी नव्याला काही बसेना. ती पकडीने वाकवून बसवली.

व्हॅन पळायला लागली. हे शीळ घालत घरी यायला लागले. किती वर्षांनी ऐकली रे मी ती शीळ. त्या आनंदात पट्टीचा विषय कोण काढतंय?

काल ठमी शाळेतून आली ती नाचतच. म्हणाली, बाबांनी गेटवाल्या मामांचं स्टूल उडवलं. मी हसलेसुद्धा. मग तिने हातवारे करकरून सगळं सांगितलं. चढ संपला तरी व्हॅन थांबेना. बाबा ब्रेकवर उभेच राहिले. शेवटी किल्ली फिरवली तेव्हा कुठे गाडी बंद पडली, तोवर स्टूल फाटकावर जाऊन आपटलं होतं. गेटवाले मामा नेमके पाणी प्यायला आत गेले होते. मागची मुलं खिदळत म्हणाली, काका, परत एकदा. आमची ठमी पुढच्या सीटवर होती, तीही तेच म्हणाली.

मी तिला जवळ ओढून तिचे हातपाय चाचपून पाहिले.

ह्यांनी त्याबद्दल ब्रसुद्धा काढला नव्हता. विचारलं तर म्हणाले, पायाखालची मॅट सरकली होती. आज सकाळी मात्र आपणहून बॉनेट उघडलं आणि मला आत पेडलपाशी बसवलं. हे म्हणायचे दाब, की मी दाबायची. सोड म्हणायचे, मी सोडायची. पाय उचलला की आतली झडप मिटते आणि टक् असा आवाज येतो. दर वेळी टक् वाजलं. ह्यांनी पट्टी आणखी जराशी वाकवली, तेल सोडलं, आणि झालं म्हणून हात धुवायला गेले.

मी उतरले नाही. आम्ही दाबत होतो ते सपाट रस्त्यावर दाबतात तितपतच. चढावर गाडी भरलेली असली की हे पेडल पार तळाला टेकवतात, मी शेजारी बसून कितीदा पाहिलंय. तसं दाबलं. सोडलं. टक् वाजलं नाही. खाली उतरून पाहिलं तर वायरचं टोक त्या वाकड्या पट्टीत अडकलं होतं आणि झडप सताड उघडी. बोटाने ढकललं तेव्हा मिटली. पुन्हा करून पाहिलं. कधी सुटते, कधी नाही.

ह्यांना बोलावून सांगितलं, तर म्हणाले, "तू पाय नीट उचलला नसशील."

मी म्हटलं, "मग तुम्ही दाबा तळापर्यंत. मी इथे उभी राहून ऐकते."

ह्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "सोमवारी मुलं न्यायची आहेत. एक दिवस गेलो नाही तर दुसरा व्हॅनवाला टपलेलाच आहे."

पेडल दाबलं नाही, दादा. न दाबताच बॉनेट लावून टाकलं. तेव्हा मला कळलं की ह्यांनाही माहीत आहे.

मला राग आलाय, पण त्याहून भीती जास्त वाटते. हे वाईट नाहीत रे. लोकांच्या लेकरांना उचलून आत बसवतात, पावसात स्वतः भिजून त्यांच्यावर छत्री धरतात. पण नाकावर माशी बसू द्यायची नाही. जुनं परत बसवा असं मी म्हटलं तर आठ दिवस अबोला, आणि गाडी तशीच रस्त्यावर. म्हणून तू ये. उद्याच ये. आल्यावर शहाणपणा मात्र करू नकोस. चूक माझीच, मीच भलतं पाठवलं, असं म्हण. ह्यांना तेवढी पळवाट ठेव, मग दोघं मिळून जुनं बसवा. ते मी फेकू दिलेलं नाही, कपड्यांच्या कपाटात आहे.

आता फोनचं. पाकीट हाताला जड लागलं असेल. व्हॅनच्या दोन्ही किल्ल्या आत आहेत, खुळखुळू नयेत म्हणून ठमीच्या मोज्यात गुंडाळल्यात. फोनवरून त्या कशा पाठवणार होते?

संध्याकाळी हे शोधायला लागतील. मी खोटं बोलणार नाही, दादाकडे पाठवल्या म्हणून सांगेन. पुढे घरात जे व्हायचं ते होवो. एवढ्या वर्षांत ह्यांच्या मनाविरुद्ध मी साधी खुर्ची हलवलेली नाही, आणि आज थेट किल्ल्या पाठवतेय.

मोजा आठवणीने परत आण. सोमवारी शाळेला लागेल.

तुझी,
धाकटी